शहात्तर दिवस रिकामी टाकी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ठाण्याला आमच्या घरी दिवाणखान्यात तीन फूट लांबीची एक काचेची टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. २०२३ च्या पावसाळ्यात ती शहात्तर दिवस माशांशिवाय चालू होती. चालू म्हणजे अगदी व्यवस्थित चालू. सकाळी दिवा लागायचा, रात्री मालवायचा, पंप चोवीस तास फिरायचा, विजेचं बिल यायचं, आणि मी आठवड्यातून दोनदा त्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायचे. मासा मात्र आत एकही नव्हता. घरी येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं पाण्याकडे बघून विचारायचा, "मासे कुठायत?" नाहीत, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग खाणं कोणाला घालता?"

त्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज जरा बसून सांगते.

टाकी माझी नव्हे, मुलाची. २०१९ साली नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या पैशांतून त्यानं ती घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी साधारण १८० लिटर आणि त्यात विरघळवलेलं मीठ सहा किलोंहून जास्त. हे मीठ स्वयंपाकातलं नव्हे, समुद्राच्या पाण्यातले बाकीचे क्षारही ज्यात असतात ते खास मीठ. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आत प्रवाळ नाही. सच्छिद्र कृत्रिम दगड, वाळू, शंखात राहणारे दोन खेकडे, आणि सहा मासे. त्यांतले दोन केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊन. मुलं त्यांना 'नेमो' म्हणतात. मोठीचं नाव मुलानं 'बाईसाहेब' ठेवलं होतं आणि तिच्या मागे मागे पोहणाऱ्या छोट्याचं 'राव'. बाकी निळ्या डॅमसेल जातीचे तीन, आणि वाळूत तोंड खुपसून बसणारा एक गोबी.

२०२३ च्या जानेवारीत मुलाची बंगळुरूला बदली झाली. जाताना त्यानं माझ्या हातात एक वही दिली. पाणी उडून कमी झालं तर साधं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं पण मीठ उडत नाही. उष्णता २६ अंशांच्या आसपास. अशा बारीकसारीक सूचनांनी वही भरलेली. पहिल्या पानावर मात्र एकच ओळ होती आणि तिच्याखाली दोन रेघा. 'नवीन मासा थेट टाकीत सोडायचा नाही.'

बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला नियमाचं महत्त्व कोणी शिकवायला नको. पण मे महिन्यात नणंदेची सहा वर्षांची नात राहायला आली आणि तिनं विचारलं, "आजी, यात डोरी का नाही?" तिनं तो सिनेमा पाहिला होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी येशील तेव्हा असेल. जूनच्या मध्यावर मी दुकानात गेले आणि निळाशार, पिवळ्या शेपटीचा तो मासा पिशवीतून घेऊन आले. हा मासा वाढून फूटभर होतो, आमच्या टाकीत त्याला कधीच पुरेशी जागा मिळाली नसती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाजारात येणारे यांतले बहुतेक मासे समुद्रातून पकडलेले असतात, हेही नाही. बंदिस्त टाकीत त्याची पैदास पहिल्यांदा साधली ती २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना. दुकानातला मुलगा म्हणाला, "एकदम हेल्दी पीस आहे, काकू." पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासा सोडला. वही कपाटात होती.

पाच-सहा दिवसांनी तो निळा मासा दगडाला अंग घासू लागला. मग त्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मी घाबरले. पण चार दिवसांनी ठिपके दिसेनासे झाले. मासा खायलाही लागला. मी देवापुढे साखर ठेवली. २५ जूनला मुंबईत पाऊस आला, त्या दिवशी मी अगदी आनंदात होते, हे पक्कं आठवतं.

महिना संपायच्या आत ठिपके परत आले. या वेळी सगळ्यांवर, आणि मोजता येणार नाहीत इतके. मासे पृष्ठभागापाशी येऊन धापा टाकल्यासारखे कल्ले हलवत होते. मी पुन्हा दुकानात. तिथं एका काउंटरवर दोन सल्ले मिळाले. एक म्हणजे खाण्याला लसणाचा रस लावा आणि दुसरा म्हणजे हे निळं औषध टाका. गोड्या पाण्याच्या माशांना असाच पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो, त्यावर लोक पाण्यात मीठ घालतात आणि पाणी गरम ठेवतात. आमच्या माशांना मिठाचं काय कौतुक! त्यामुळे राहता राहिलं निळं औषध. मी ते टाकीतच ओतलं. थोडं जास्तच.

पाणी शाईसारखं झालं. दुसऱ्या दिवशी निळा मासा गेला, मग दोन डॅमसेल. ७ जुलैला सकाळी बाईसाहेब टाकीच्या कोपऱ्यात आडव्या पडलेल्या दिसल्या. गोबी दिसतच नव्हता. तो आठवड्याभरानं दगडामागे सापडला, म्हणजे जे काही सापडलं ते. उरले राव आणि एक डॅमसेल.

आता सांगायला हरकत नाही, की त्या सकाळी मी रडले. आमच्या घरी बुधवारी पापलेट आणि रविवारी सुरमई येते. ह्यांनी दारातून डोकावून पाहिलं, काहीतरी विनोद त्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. तेवढं मी त्यांचं ऋण मानते.

माझी एक जुनी मैत्रीण महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायची. तिला फोन केला. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मधे ठिपके गेले होते ना? मग तू खूश झालीस?" म्हटलं, हो. ती म्हणाली, "अगं, ते गेले नव्हते. बाळंतपणाला गेले होते."

मग तिनं जे सांगितलं, ते मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. या रोगाचा जीव एकपेशीय. शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. हे नाव त्याला १९५१ साली मिळालं. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ चंच. लहानपणी वडिलांचा हात धरून मी तिथं काचेला नाक लावून उभी राहायचे, तेव्हा या सद्गृहस्थांची ओळख झाली नव्हती. हा जीव माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरतो, तीन ते सात दिवस तिथं खाऊनपिऊन फुगतो. तो फुगला की आपल्याला ठिपका दिसतो. मग तो मासा सोडून खाली उतरतो, वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. मासा स्वच्छ दिसतो. आपण साखर ठेवतो. त्या कवचात एकाचे दोनशेच्या आसपास होतात. कवच फुटलं की ते सगळे पोहत मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. मोकळ्या समुद्रात बहुतेकांना तो मिळत नाही. तीन फुटांच्या टाकीत मात्र तो चुकत नाही.

आणि माझं निळं औषध? कवचाच्या आत ते पोचत नाही. पण टाकीत दुसरेही न दिसणारे जीव असतात, दगडावर, वाळूत, गाळणीत राहणारे जिवाणू. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया तयार होतो, त्याचं हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असं नायट्रेट करतात. टाकी म्हणजे खरं तर हे जिवाणू. मासे त्यांच्या जिवावर राहतात. त्यांनाच माझ्या औषधानं झोपवलं होतं. कोळशाच्या गाळणीनं निळा रंग काढल्यावर पाणी तपासलं, तर अमोनिया चढलेला. म्हणजे पाच माशांपैकी किती रोगानं गेले आणि किती माझ्या हातानं, हा हिशेब अजून जुळत नाही. बँकेत असता तर तो जुळेपर्यंत कोणी मला घरी जाऊ दिलं नसतं.

८ जुलैला राव आणि डॅमसेल टाकीतून बाहेर काढले. टाकी रिकामी ठेवायची आणि मासे वेगळे बरे करायचे, ही दोन कामं वेगवेगळी. माशांसाठी मैत्रिणीनं सुचवलेली रीत मला फार आवडली, कारण तिच्यात औषधच नाही. चाळीस लिटरचे दोन प्लास्टिकचे टब घ्यायचे. मासे एका टबात तीन दिवस ठेवायचे. तेवढ्यात अंगावरचे काही जीव उतरून टबाच्या तळाला चिकटतात. त्यांचं कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. ते फुटायच्या आत मासे उचलून दुसऱ्या, नव्या पाण्याच्या टबात न्यायचे आणि पहिला टब रिकामा करून, घासून, खडखडीत वाळवायचा. असं चार वेळा. ११, १४, १७ आणि २० जुलै. हे जीव बहुधा रात्री अंधारात मासा सोडतात, म्हणून बदली सकाळची. दर वेळी आदल्या दिवशी सुमारे दीड किलो मीठ विरघळवून पाणी तयार ठेवायचं. लपायला प्लंबरकडून आणलेले पाइपचे तुकडे.

ऐकायला सोपं आहे. पण जुलै महिन्यात ठाण्यात कुठलीही वस्तू खडखडीत वाळवून दाखवावी. पंखा लावला, कपड्यानं पुसलं, शेवटी केस वाळवायचा ड्रायर टबावर धरून बसले. शेजारीण दुधाची पिशवी मागायला आली होती, ती न मागताच परत गेली. टाकीची भांडी आणि टबाची भांडी मिसळली तर सगळं मुसळ केरात, कारण ओल्या हातावरच्या थेंबातूनही हा जीव जाऊ शकतो. म्हणून टबाच्या बादल्यांवर, जाळीवर, नळीवर मी नेलपॉलिशनं लाल खुणा केल्या.

चौथ्या बदलीनंतर दोघांच्या अंगावर काही नव्हतं. पण या वेळी मी साखर ठेवली नाही. एका वेगळ्या छोट्या टाकीत, स्पंजच्या गाळणीवर, ते राहू लागले.

आता मोठी टाकी. ती ओतून, घासून, उन्हात वाळवून पहिल्यापासून सुरू करावी, असा सगळ्यांचा सल्ला. ऊन कुठून आणायचं हा एक प्रश्न. दुसरं म्हणजे खेकड्यांचं काय करायचं, आणि माझ्या औषधातून जे थोडेफार जिवाणू वाचले होते त्यांचं काय? रोगाचा जीव खेकड्याला लागत नाही, जिवाणूंना लागत नाही. त्याला मासाच लागतो. मासा नसेल तर कवचं एकेक करून फुटतील, आतले बाहेर येतील आणि उपाशी मरतील. फक्त सगळी कवचं एकदम फुटत नाहीत. बरीचशी महिन्याभरात फुटतात, पण एका प्रयोगात शेवटचं कवच बहात्तराव्या दिवशी फुटल्याची नोंद आहे. म्हणून वर चार दिवस धरून शहात्तर. ते चिमूटभर खाणं होतं खेकड्यांना आणि जिवाणूंना. ते कुजून थोडा अमोनिया होतो, त्यावर जिवाणू जगतात, वाढतात. तीन-चार आठवड्यांत अमोनिया शून्यावर आला, मग नायट्राइट चढलं, तेही उतरलं. वहीत मी रोज आकडे लिहीत होते. पासबुकासारखे.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत, दोन महिने श्रावण. आमच्याकडे श्रावणात मासे वर्ज्य. हे म्हणाले, "छान, ताटातही नाहीत आणि टाकीतही नाहीत." त्या दिवशी मी हसले, महिन्याभरात पहिल्यांदा.

मुलाला मी काहीच सांगितलं नव्हतं. तो रविवारी व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा मी टाकीकडे पाठ करून न बसता, टाकीसमोरच्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. "राव कसे आहेत?" विचारलं की "मजेत" म्हणायचे. ते खोटं नव्हतं. "बाईसाहेब?" विचारलं की कुकरची शिट्टी व्हायची.

रिकाम्या टाकीत बघायला काही नसतं असं मलाही वाटायचं. पण ऑगस्टमध्ये एका रात्री वीज गेली. हवेचा बॅटरीचा पंप लावला, कारण जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, आणि टॉर्च घेऊन बसले. काचेवर केसाएवढे बारीक किडे सरपटत होते. दगडाच्या भोकातून कोणी तरी पारदर्शक मिशा हलवत होतं. मासे असताना हे कोणी डोकं वर काढत नसत. खेकड्यानं जुना शंख सोडून शेजारचा मोठा शंख घेतला, तो पाच सेकंदांचा उघडा कारभार मी पाहिला. घर बदलताना माणसंही एवढी घाईत नसतात.

गणपती १९ सप्टेंबरला होते. मखर टाकीच्या शेजारीच बसतं. १७ तारखेला धाकटे दीर आले ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत तीन मासे, दोन पिवळे आणि एक पट्ट्यांचा. "वहिनी, सणासुदीला रिकामी टाकी बरी दिसत नाही. सोडा." तो एकाहत्तरावा दिवस होता. मी म्हटलं, भावजी, अजून पाच दिवस आहेत, आणि त्यानंतरही नवे मासे महिनाभर वेगळे ठेवायला हवेत. ते म्हणाले, सत्तर दिवसांत नाही मेला तो रोग पाच दिवसांत काय मरणार? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, कारण बहुतेक तो मेलेलाच होता. पण 'एकदम हेल्दी पीस' मीही जूनमध्ये आणला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, तिसरी टाकी मांडायला जागा नाही. मी त्यांना पिशवी घेऊन दुकानात परत पाठवलं. दुकानदारानं मासे घेतले, पैसे नाही दिले. भावजी पहिल्या दिवशीच्या आरतीला माझ्याशी बोलले नाहीत.

त्याआधी, १८ तारखेला रात्री, मुलगा आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्यानं टाकीकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिले. काय बोलायचं ते गेले दोन महिने पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तो टाकीजवळ गेला. दिवा, पाणी, गाळणी, सगळं चालू. शिवणीवरचं सिलिकॉन निळं झालेलं. ते कायमचंच निळं राहतं. त्यावर त्यानं बोट फिरवलं. मग वही उघडली आणि जुलैपासूनची पानं उलटत राहिला.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"बहात्तर."

"मग अजून चार," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाईसाहेबांना कुठं पुरलंस?" मी गॅलरीतली जास्वंदीची कुंडी दाखवली.

गौरी-गणपतीचं विसर्जन २३ तारखेला झालं. २४ ला, रविवारी सकाळी, मी अमोनिया आणि नायट्राइट तपासलं, दोन्ही शून्य. दोन्हीकडच्या पाण्याचा खारेपणा जुळवला. रावांना मुलानं स्वतः सोडलं. डॅमसेल तापट, तो आधी गेला तर सगळ्या टाकीवर हक्क सांगतो, म्हणून त्याला दोन आठवडे मागे ठेवलं. राव खाली गेले, बाईसाहेबांच्या कोपऱ्यात थांबले आणि दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. मुलगा संध्याकाळच्या गाडीनं गेला.

डिसेंबरात मी हॅचरीत जन्मलेला एक छोटा क्लाऊन आणला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं क्लाऊनच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे, समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज नाही. तो दुकानातून थेट छोट्या टाकीत गेला आणि पाच आठवडे तिथं राहिला. लाल खुणांच्या बादल्या पुन्हा निघाल्या. क्लाऊन माशांची एक गंमत आहे. सगळे जन्मतात नर म्हणून, आणि जोडीतली मादी गेली की उरलेला नर काही काळात मादी होतो. जानेवारीअखेर छोट्याला मोठ्या टाकीत सोडलं. राव त्याच्या अंगावर धावून गेले. छोटा पळाला नाही. तो आडवा होऊन थरथरू लागला, त्यांच्यात शरण आल्याची ती खूण असते. असं तीन-चार दिवस चाललं, मग दोघं एका कोपऱ्यात झोपायला लागले. मोठा पुढे, छोटा मागे मागे.

मी व्हिडिओ काढून मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आई, आता रावांना बाईसाहेब म्हणायला लाग." परवा तो फोनवर विचारत होता, टाकीत आणखी एखादा गोबी घ्यायचा का. म्हटलं, घेऊ, पण आधी छोटी टाकी मांडते.